पऱ्हाटीचा भाव : नॅनो-सेल्युलोजचा एक हिशेब

गेल्या फेब्रुवारीत मावसबहिणीच्या लग्नासाठी मी पांढुर्ण्याला गेले होते. पांढुर्णा आणि सौंसर हे दोन तालुके मध्य प्रदेशात असले, तरी बोली मराठी, सणवार विदर्भाचे आणि वावरात कापूस व संत्री. पूर्वी हा भाग छिंदवाडा जिल्ह्यात होता. २०२३ साली या दोन तालुक्यांचा मिळून पांढुर्णा हा स्वतंत्र जिल्हा झाला. दुकानावरची पाटी हिंदी आणि दुकानातले बोलणे मराठी, हा प्रकार आपल्याकडच्या विद्यार्थ्यांना नवा वाटू नये. आपल्याकडे पाटीची भाषा तेवढी वेगळी.

लग्नाच्या आदल्या संध्याकाळी काकांबरोबर वावरात गेले. कापसाची शेवटची वेचणी होऊन गेली होती. उपटलेल्या पऱ्हाट्यांचे ढीग बांधावर रचलेले होते आणि शेजारच्या दोन-तीन वावरांतून धूर निघत होता. परिव्यय लेखांकनाचा पेपर नुकताच देऊन आलेली मी, सहज म्हणून गेले, "काका, हे तर सोनं जाळण्यासारखं आहे. मुंबईला कापसाच्या अशाच टाकाऊ मालापासून नॅनो-सेल्युलोज नावाचा फार महाग पदार्थ काढतात, असं मी वाचलंय."

काका हसले. म्हणाले, "कायचं सोनं, बाई! उपटाले मजूर भेटत नाही, भेटला त रोजी पुरत नाही. तुमच्या त्या मुंबईच्या यंत्राले माह्या वावरातली पऱ्हाटी काय भावानं लागते, तेवढं लिहून धाड. मंग नाही पेटवत."

या प्रश्नाचे उत्तर माझ्याजवळ नव्हते. परत आल्यावर ग्रंथालयात बसले, रसायनशास्त्राच्या प्राध्यापकांना त्रास दिला, आणि जे समजले ते एका वाणिज्य विद्यार्थिनीच्या कुवतीप्रमाणे येथे मांडते आहे. शास्त्र शाखेच्या मित्रमैत्रिणींना यातला पहिला भाग बाळबोध वाटेल. त्यांनी तो सोडून सरळ हिशेबाच्या भागाकडे वळावे.

सेल्युलोज म्हणजे काय?

झाडाचे खोड उभे राहते ते कशाच्या जोरावर? आपल्या शरीरात हाडे आहेत. झाडात हाडांचे काम सेल्युलोज करते. अन्सेल्म पायें या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने १८३८ साली निरनिराळ्या वनस्पतींच्या भागांतून हा एकच पदार्थ वेगळा काढून दाखविला. ग्लुकोज साखरेचे हजारो कण एकापुढे एक गुंफले की सेल्युलोजची साखळी तयार होते. गहू-तांदळातील पिष्टही ग्लुकोजचेच असते. फरक केवळ कण जोडण्याच्या पद्धतीत. पण तेवढ्या फरकामुळे पिष्ट आपल्याला पचते आणि कापूस पचत नाही.

कापसाचा धागा म्हणजे जवळजवळ शुद्ध सेल्युलोज. नव्वद टक्क्यांहून अधिक. पऱ्हाटीचे तसे नाही. ती लाकूडच आहे. तिच्यात सेल्युलोज साधारण चाळीस टक्के. सुमारे एक चतुर्थांश भाग लिग्निनचा असतो. लिग्निन म्हणजे तंतूंना एकमेकांशी चिकटवून ठेवणारा निसर्गाचा डिंक. उरलेल्या भागात अर्धसेल्युलोज म्हणून ओळखल्या जाणाऱ्या शर्करासाखळ्या, राख वगैरे. घराच्या भिंतीशी तुलना केली तर सेल्युलोज या लोखंडी सळ्या आणि लिग्निन हे सिमेंट. सळ्या हव्या असतील तर आधी सिमेंट फोडावे लागते. पुढचा सगळा खर्च या एका वाक्यातून निघतो.

आपल्या कन्नड विभागाच्या वाचकांसाठी एक गंमत सांगते. कन्नडमध्ये कापसाला 'हत्ती' म्हणतात. पहिल्या वर्षाला असताना वर्गातील एका मैत्रिणीने "आमच्या शेतात यंदा हत्ती चांगला आहे" असे सांगितले, तेव्हा मी मराठी शाळेतून आलेली मुलगी थक्क झाले होते. तिच्या घरी पऱ्हाटीला 'हत्तीकट्टिगे', म्हणजे कापसाचे सरपण, म्हणतात. नावातच उपयोग सांगितला आहे. पांढुर्ण्यात काय आणि धारवाडकडे काय, पऱ्हाटीची गत एकच : थोडी चुलीत, थोडी कुंपणाला, बाकीची बांधावर पेटते.

नॅनो म्हणजे किती लहान?

'नॅनो' हा शब्द ग्रीक असून त्याचा मूळ अर्थ बुटका, ठेंगू. मीटरचा अब्जावा भाग म्हणजे एक नॅनोमीटर. माणसाचा केस ऐंशी हजार ते एक लाख नॅनोमीटर जाड असतो. सेल्युलोजच्या साखळ्या झाडात सुट्या नसतात. अनेक साखळ्या मिळून एक सूक्ष्म तंतुक होतो, अशा तंतुकांच्या जुड्या होतात, आणि जुड्यांचा मिळून डोळ्यांना दिसणारा धागा. सुतळी उलगडत गेल्यावर जसा शेवटी एकेक केसर हाती येतो, तसा हा धागा उलगडत थेट पाच ते वीस नॅनोमीटर जाडीच्या तंतुकापर्यंत पोचायचे, म्हणजे नॅनो-सेल्युलोज काढायचे.

इतके बारीक करून मिळते काय? एक साधा हिशेब मी स्वतः करून पाहिला. एक ग्रॅम कापसाच्या सर्व धाग्यांचा पृष्ठभाग मोजला तर तो वर्तमानपत्राच्या एका पानाएवढा भरतो. तोच एक ग्रॅम दहा नॅनोमीटर जाडीच्या तंतुकांत उलगडला, तर पृष्ठभाग अडीचशे चौरस मीटरच्या वर जातो. म्हणजे आपल्या जिमखान्यातील बॅडमिंटनची तीन कोर्टे. पदार्थ तोच, वजन तेच. पण पाण्याशी, रंगाशी, प्लॅस्टिकशी त्याचा संबंध येण्याची जागा हजारपटीने वाढली. म्हणून चिमूटभर नॅनो-सेल्युलोजने कागद मजबूत होतो, रंग घट्ट होतो, वेष्टनाच्या पातळ पापुद्र्यातून प्राणवायू शिरेनासा होतो. तंतुक ताणाला पोलादाशी बरोबरी करणारा आणि वजनाला त्याच्या पाचव्या हिश्श्याचा.

हे सगळे प्रयोगशाळेतच आहे असे नाही. जपानच्या मित्सुबिशी पेन्सिल कंपनीने २०१५ साली जेल पेनच्या शाईत नॅनो-सेल्युलोज वापरले. पेन स्थिर असताना शाई घट्ट राहते, लिहू लागताच पातळ होते. त्याच वर्षी जपानमध्येच मोठ्या माणसांच्या लंगोटांत दुर्गंध शोषण्यासाठी त्याचा उपयोग सुरू झाला.

काढण्याच्या रीती

पहिली पायरी सर्व रीतींना समान आहे. पऱ्हाटीचे तुकडे करायचे, धुवायचे, कॉस्टिक सोड्याच्या पाण्यात शिजवून लिग्निन सोडवायचे आणि नंतर रंग घालवून पांढरा लगदा करायचा. कागद गिरणीत होते तेच हे काम. शंभर किलो कोरड्या पऱ्हाटीतून तीस-पस्तीस किलो लगदा मिळाला तर ठीक म्हणावे. तेथून पुढे वाटा फुटतात.

एक वाट आम्लाची. १९४९ च्या सुमारास स्वीडनमधील उप्साला येथे रॉन्बी यांनी गंधकाम्लाने सेल्युलोजचे सूक्ष्म कण वेगळे केले. तंतुकाचे काही भाग घट्ट बांधणीचे, स्फटिकासारखे असतात व काही भाग सैल असतात. आम्ल सैल भाग खाऊन टाकते आणि स्फटिक उरतात. आज प्रयोगशाळेत रूढ असलेल्या कृतीत चौसष्ट टक्के तीव्रतेचे गंधकाम्ल, पंचेचाळीस अंश तपमान आणि पाऊण तासाच्या आसपास वेळ लागतो. नंतर दहापट पाणी ओतून क्रिया थांबवितात. एक किलो लगद्याला दहा-वीस लिटर आम्ल, म्हणजे शंभर-दोनशे लिटर आंबट पाणी मागे राहते. हाती येणारे स्फटिक लगद्याच्या तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास.

दुसरी वाट यंत्राची. ही गोष्ट मला फार आवडली. १९७० नंतरच्या दशकात अमेरिकेत रेयोनिअर कंपनीच्या प्रयोगशाळेत टर्बाक, स्नायडर आणि सँडबर्ग यांनी दुधाची साय दुधात एकजीव करण्यासाठी दुग्धशाळेत वापरतात ते यंत्र घेतले आणि त्यातून लाकडाचा पातळ लगदा प्रचंड दाबाने पुन्हापुन्हा काढला. पाण्यासारखा आत गेलेला लगदा खळीसारखा घट्ट होऊन बाहेर आला. १९८३ साली त्यांनी हे काम प्रसिद्ध केले. या रीतीत नुकसान कमी, लगद्याचा बहुतेक भाग मालात उतरतो. पण वीज अतोनात लागते. आधी काही संस्कार न करता लगदा तसाच यंत्रात घातला तर एका टनाला पंचवीस हजार युनिटांच्या घरात वीज लागू शकते.

म्हणून तिसरी वाट निघाली : यंत्रात घालण्यापूर्वी लगदा थोडा सैल करून घ्यायचा. टोकियो विद्यापीठात आकिरा इसोगाई व त्सुगुयुकी साइतो यांनी एका उत्प्रेरकाच्या साहाय्याने तंतुकांवर विद्युत्भार बसवून ते एकमेकांना दूर ढकलतील अशी सोय केली. विजेचा खर्च त्यामुळे कितीतरी पटीने उतरतो. या कामाबद्दल त्यांना योशिहारू निशियामा यांच्यासह २०१५ चे मार्कुस वॉलेनबर्ग पारितोषिक मिळाले. जैविक विकरे वापरूनही हेच साधते. त्यात रसायने कमी व वेळ अधिक.

माटुंग्याचा प्रयोग

आता काकांना मी सांगितलेल्या मुंबईच्या यंत्राकडे येऊ. माटुंग्याला केंद्रीय कापूस तंत्रज्ञान संशोधन संस्था आहे. १९२४ साली भारतीय केंद्रीय कापूस समितीची प्रयोगशाळा म्हणून तिची सुरुवात झाली. त्या काळी तिचे मुख्य काम कोणत्या कापसाचे सूत किती बारीक व किती मजबूत निघते हे तपासण्याचे होते. पुढे ती भारतीय कृषी अनुसंधान परिषदेकडे आली. नागपूरला तिचे जिनिंग प्रशिक्षण केंद्र आहे. म्हणजे पांढुर्ण्याहून सकाळच्या गाडीने निघालेला माणूस तेथील काम पाहून रात्री घरी जेवायला परत येऊ शकतो.

या संस्थेने दोन गोष्टी केल्या. २०११ साली तिच्या शास्त्रज्ञांनी ट्रायकोडर्मा रीसी या बुरशीकडून कापसाचे सेल्युलोज मोजक्या प्रमाणात खाऊ घालून नॅनो आकाराचे कण मिळविल्याचा शोधनिबंध प्रसिद्ध केला. आम्लाचे काम बुरशीकडून, असा हा विचार. आणि २०१५ साली संस्थेत नॅनो-सेल्युलोजचा प्रायोगिक कारखाना सुरू झाला. त्याची क्षमता आठ तासांच्या पाळीला दहा किलो. पद्धत रसायन आणि यंत्र यांच्या जोडीची. सांडपाणी बाहेर सोडावे लागू नये, हा त्यामागचा एक हेतू. कच्चा माल म्हणून कापसाचे लिंटर आणि शेतातील टाकाऊ काडीकचरा, दोन्हींचा विचार त्यात झाला आहे.

लिंटर म्हणजे रुई काढून घेतल्यावर सरकीला चिकटून राहिलेली आखूड लव. ती शुद्ध केली की जवळजवळ निव्वळ सेल्युलोज हाती येते. लिग्निन फोडण्याचा खर्चच नाही. पण आपल्याकडे पुष्कळ तेलगिरण्यांत सरकी लिंटरसकटच गाळली जाते आणि ती लव पेंडीबरोबर गुरांच्या पोटात जाते. म्हणजे पऱ्हाटीच्या आधी हा सोपा माल आपण गमावतो आहोत. शिवाय लिंटर एका ठिकाणी, गिरणीत, जमा होते. पऱ्हाटी वावरावावरांत विखुरलेली असते. टाकाऊ मालाच्या व्यापारात हा फरक फार मोठा आहे. उसाचे चिपाड हा त्याचा पुरावा. शंभर टन उसामागे अठ्ठावीस-तीस टन ओले चिपाड कारखान्याच्या दारातच पडते. म्हणून त्याची वीज झाली, कागद झाला. चिपाड जर शेतकऱ्याच्या घरी उरत असते, तर तेही बांधावर जळाले असते. पांढुर्ण्याच्या संत्र्याचेही तसेच. सालीत सेल्युलोज असते खरे. पण फळ दूरच्या बाजारात जाते आणि साल शंभर गावांच्या उकिरड्यांवर पडते.

हिशेबाची वही

आता माझ्या विषयाकडे. परिव्यय लेखांकनात टाकाऊ माल, मोड आणि उपउत्पादन या तीन वेगवेगळ्या गोष्टी आहेत. ज्याला बाजारात किंमत नाही तो टाकाऊ माल. ज्याला थोडी किंमत येते ती मोड. आणि जे विकण्याजोगे होऊन मुख्य उत्पादनाचा खर्च हलका करते ते उपउत्पादन. काकांच्या वहीत पऱ्हाटी या तिन्हींत बसत नाही. ती उपटायला मजुरी पडते, म्हणजे ती चक्क खर्चाच्या बाजूला आहे. बरे, ती उभी ठेवावी तर तेही चालत नाही. पऱ्हाटीवर राहिलेल्या किडक्या बोंडांत गुलाबी बोंडअळी दबा धरून बसते आणि पुढच्या हंगामात पुन्हा उठते. म्हणून हंगाम संपताच वावर साफ करा, असे शेतीखातेच सांगते. काडेपेटीची एक काडी हा सगळ्यात स्वस्त उपाय. काका अडाणीपणाने जाळतात हा माझा समज होता. ते हिशेबाने जाळतात.

मग कारखाना पऱ्हाटीला किती भाव देऊ शकेल? एक हेक्टर कापसाच्या मागे दोन ते तीन टन पऱ्हाटी निघते. म्हणजे एकरी आठ ते बारा क्विंटल. समजा, कारखान्याने किलोला तीन रुपये दिले. हा भाव माझा, उदाहरणापुरता धरलेला. यंत्राच्या रीतीने शंभर किलोंतून तीस किलो माल निघाला, तर तयार मालाच्या एका किलोवर कच्च्या मालाचा बोजा दहा रुपये पडतो. आम्लाच्या रीतीने शंभर किलोंतून दहाच किलो निघाला, तर तीस रुपये पडतो. आता विजेशी तुलना करा. किलोला पंचवीस युनिटे आणि युनिटाला आठ रुपये धरले, तर नुसत्या विजेचे दोनशे रुपये. विजेचा खर्च पूर्वसंस्काराने दहाव्या हिश्श्यावर आणला, तरी वीस रुपये उरतातच. त्यावर रसायने, पाणी, यंत्रांची घसट, पगार हे सगळे वेगळे.

या आकड्यांतून जो निष्कर्ष निघतो, त्याने मी स्वतः चकित झाले. पऱ्हाटीचा भाव तीनचा चार रुपये केला, तर तयार मालाच्या एका किलोमागे खर्च तीन ते दहा रुपयांनीच वाढतो. म्हणजे शेतकऱ्याला बरा भाव दिल्याने हा माल महाग होत नाही. उद्या एखादा व्यापारी काकांना "जाळण्यापेक्षा फुकट तर फुकट, घेऊन जातो" असे म्हणाला, तर तो नाइलाजाने म्हणत नसून काकांना हिशेब ठाऊक नाही म्हणून म्हणत आहे, असे समजावे.

पण वहीची दुसरी बाजूही प्रामाणिकपणे वाचली पाहिजे. तीत चार नोंदी मला दिसल्या.

पहिली नोंद वाहतुकीची. सुटी पऱ्हाटी म्हणजे काट्याकुट्यांचा डोंगर. ट्रॉली वजनाने भरण्याच्या आत आकारानेच भरते. डिझेल लाकडावर कमी आणि मधल्या हवेवर जास्त खर्च होते. म्हणून तुकडे करण्याचे यंत्र वावराजवळ यायला हवे. तयार मालाचीही तीच कथा. नॅनो-सेल्युलोज पाण्यात तरंगत्या स्वरूपात असते. शंभर किलो खळीत माल दोन-तीन किलो आणि बाकीचे पाणी. ते वाळवावे तर तंतुक पुन्हा एकमेकांना चिकटतात आणि केलेले काम बरेचसे वाया जाते. मग पाणी वाहून न्यायचे की गिऱ्हाईकाजवळच कारखाना काढायचा? हा प्रश्न शास्त्राचा जितका, तितकाच वाणिज्याचा आहे.

दुसरी नोंद पाण्याची. गोटमारीमुळे दूरवर नाव झालेली पांढुर्ण्याची जाम नदी मी फेब्रुवारीत पाहिली. तिच्या पात्रात आम्लाचे आणि कॉस्टिकचे पाणी सोडण्याची कल्पनाही करवत नाही. आम्ल परत मिळविण्याची सोय नसलेला कारखाना स्वस्त दिसेल. पण त्याचा उरलेला खर्च नदीकाठची गावे भरतील, आणि तो कोणत्याही ताळेबंदात दिसणार नाही. माटुंग्याच्या शास्त्रज्ञांनी सांडपाण्याचा विचार आधी केला, तो यासाठीच.

तिसरी नोंद मातीची. पऱ्हाटी बारीक करून कुजवली तर तिच्यातील सेंद्रिय अंश वावराला परत मिळतो. ती सगळीच्या सगळी गाडीत भरून पाठविली, तर मातीच्या खात्यातून तेवढी रक्कम काढली असे होते. जाळण्यापेक्षा विकणे चांगले हे खरे. पण सगळे विकणे हे सगळे जाळण्यापासून मातीच्या दृष्टीने फारसे दूर नाही.

चौथी नोंद गिऱ्हाईकाची, आणि ती सर्वांत जड आहे. कॅनडात क्वेबेक प्रांतातील विंडसर या गावी २०१२ साली दिवसाला एक टन सेल्युलोज स्फटिक काढणारा कारखाना उघडला. कच्चा माल लाकडाचा लगदा. त्यांनाही माल काढण्यापेक्षा तो कशात वापरायचा हे उद्योगांना पटवून देण्याचे काम मोठे पडले. चिमूटभर घातले की काम भागते, हा ज्या मालाचा गुण, त्याचा खप चिमटीनेच होणार.

पांढुर्ण्याला यातून काय?

समजा, माटुंग्याएवढा, पाळीला दहा किलोचा कारखाना पांढुर्ण्यात निघाला. वर्षाला तीनशे दिवस एक पाळी चालली, तर माल तीन टन होईल. त्याला कोणत्याही रीतीने दहा ते तीस टन पऱ्हाटी लागेल. म्हणजे जास्तीत जास्त पंधरा हेक्टरांची! काकांच्या गावातील चार-सहा घरांचीच पऱ्हाटी त्यात संपेल आणि बाकीचे गाव धूर काढीत राहील. विंडसरएवढा, दिवसाला एक टनाचा कारखाना धरला आणि रीत आम्लाची धरली, तर वर्षाला तीन हजार टन पऱ्हाटी. म्हणजे हजार ते दीड हजार हेक्टर. हा आकडा बरा आहे, पण दोन तालुक्यांच्या मानाने तोही लहानच.

म्हणून माझे मत असे बनले आहे की, नॅनो-सेल्युलोज ही दुधावरची साय आहे. साय महाग विकते. पण नुसत्या सायीवर कोणी दुग्धशाळा चालवीत नाही. दूधही विकावे लागते, ताकही. पऱ्हाटीचे दूध म्हणजे तिचे तुकडे, विटा, पाट्या आणि लगदा. नागपूर शहरात स्मशानघाटांवर शेतातील काडीकचऱ्याच्या विटा लाकडाऐवजी वापरल्या जातात. त्यांना 'मोक्षकाष्ठ' असे नाव आहे. पऱ्हाटीच्या भुशापासून फर्निचरच्या पाट्या करण्याचे तंत्र वर सांगितलेल्या संस्थेनेच पूर्वी तयार केले आहे. आधी पऱ्हाटी वावरातून एका ठिकाणी आणून तुकडे करणारे केंद्र हवे. त्या केंद्रातून जाड माल विटांना, मधला पाट्यांना, निवडक माल लगद्याला आणि त्या लगद्याचा अगदी थोडा भाग नॅनोला, अशी उतरंड लागली तरच खर्च सर्वांवर वाटला जातो. लेखांकनात यालाच संयुक्त परिव्ययाची वाटणी म्हणतात. वर्गात ती आपण पेट्रोल आणि रॉकेलच्या उदाहरणाने शिकतो. पऱ्हाटीच्या उदाहरणानेही शिकता येईल.

आणि हे केंद्र कोणाचे असावे, हा प्रश्न तंत्रज्ञानाइतकाच महत्त्वाचा आहे. पऱ्हाटीला किंमत येईल ती ती गोळा होऊन कापली गेल्यावर. गोळा करणारा जर एकटा व्यापारी असेल, तर किंमत त्याची आणि धूर काकांचा. शेतकऱ्यांची स्वतःची उत्पादक कंपनी किंवा सहकारी संस्था असेल, तर वर काढलेले तीन-चार रुपये मागण्याचे बळ त्यांना येईल. उसाच्या बाबतीत हा धडा आपल्या भागाने सहकारातून गिरवला आहे, चांगलाही आणि वाईटही. कापूसवाल्यांनी त्यातले चांगले तेवढे घ्यावे.

समारोप

काकांना मी मागच्या महिन्यात पत्र लिहिले. त्यात लिहिले ते थोडक्यात असे : तुमच्या पऱ्हाटीला किलोला तीन-चार रुपये देणे अशा कारखान्याला जड जाऊ नये, पण तुमच्याजवळ तसा कारखाना आज नाही. तो निघाला तरी तुमच्या गावाची सगळी पऱ्हाटी एकटा नॅनो-सेल्युलोज घेणार नाही. तोवर अर्धी बारीक करून वावरात कुजवा, किडकी बोंडे तेवढी वेचून नष्ट करा, आणि विटांसाठी मागणी आली तर एकट्याने सौदा करू नका, गावाने मिळून करा.

काकांचे उत्तर फोनवर आले. "बारीक कराची मशीन गावात एकच हाय, तिचं भाडं किती ते तं तू लिहिलंच नाही," असे ते म्हणाले. खरेच, ती नोंद माझ्या वहीत राहून गेली होती.

विद्यार्थी मित्रहो, नव्या शोधाची बातमी वाचली की आपण त्या पदार्थाचे गुण पाठ करतो. तो पदार्थ वावरातून निघून दुकानापर्यंत पोचेपर्यंत वाटेत कोणाकोणाला काय मिळते आणि कोणाच्या माथी काय पडते, हे मात्र विचारीत नाही. शास्त्र शाखेने लगदा करावा, वाणिज्य शाखेने वही धरावी, आणि दोघांनी मिळून एकदा तरी शेताच्या बांधावर जाऊन वजनकाटा लावावा. आपल्या महाविद्यालयापासून एका तासाच्या अंतरावर कापसाची शेते आहेत. येत्या हंगामाच्या शेवटी एका एकराची पऱ्हाटी आपण तोलून पाहिली, उपटणीची मजुरी आणि यंत्राचे भाडे विचारून टिपून घेतले, तर पुढच्या वार्षिकांकात या लेखातील 'समजा' हा शब्द बऱ्याच ठिकाणी खोडता येईल. पऱ्हाटी म्हणा की हत्तीकट्टिगे म्हणा, हिशेब दोन्ही भाषांत एकच येणार आहे.

— एक विद्यार्थिनी, तृतीय वर्ष वाणिज्य